तिकीट सरकारचे, पण धक्क्यावर कोण?

गेल्या भाऊबीजेला शेजारचे आप्पा फराळाला आले, ते जरा उतरल्या चेहऱ्यानेच. नातू ऑस्ट्रेलियाला शिकायला निघालेला. विमानाचे भाडे, कॉलेजची फी, व्हिसाची फी असा सगळा हिशेब त्यांनी चकलीचे तुकडे ताटात मांडून मला समजावला आणि म्हणाले, "काय हो प्रोफेसर, पूर्वी म्हणे तिकडचे सरकारच पैसे भरून माणसे नेत असे! तेव्हा आपली मंडळी काय झोपली होती?"

आप्पांची माहिती खोटी नव्हती. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रेलिया हा देश अफाट आणि वस्ती तुटपुंजी. १९४५ साली आर्थर कॉलवेल हे तिथल्या स्थलांतर खात्याचे पहिले मंत्री झाले आणि ब्रिटनमधल्या माणसांसाठी योजना निघाली. मोठ्या माणसाने दहा पौंड भरायचे, मुलांचे काहीच नाही, बाकीचे भाडे सरकारचे. अट एकच : दोन वर्षे राहायचे, आधी परतलात तर सारे भाडे भरा. दहा लाखांहून अधिक ब्रिटिश माणसे अशी गेली. पुढे २०१० साली पंतप्रधान झालेल्या जूलिया गिलार्ड याच योजनेतून १९६६ साली आईबापांबरोबर वेल्समधून आल्या होत्या. ही योजना १९८२ साली बंद झाली.

युक्ती मात्र त्याहून शंभरावर वर्षे जुनी, आणि गंमत अशी की ती सुचली तुरुंगात! एडवर्ड गिबन वेकफील्ड या गृहस्थाने एका श्रीमंत घरच्या मुलीला फसवून पळवले आणि तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात जाऊन बसला. तिथे त्याने विचार केला, वसाहतीत जमीन फुकट वाटली तर जो तो मालक होणार. मग मजुरी कोण करणार? तेव्हा जमीन विकावी, त्या पैशातून गरिबांचे भाडे भरावे आणि जमिनीची किंमत अशी ठेवावी की आलेल्याला काही वर्षे राबल्याखेरीज ती घेता येऊ नये. औदार्य आणि हिशेब यांचे लग्न इतके बेमालूम क्वचितच कुणी लावले असेल.

त्यातला औदार्याचा भाग धक्क्यावर संपत असे. माणशी ठरावीक रक्कम मिळे, ती माणूस सिडनीला पोचवल्याबद्दल. पुढे त्याचे काय, हे कुणीच पाहत नसे. एकट्या आलेल्या तरुण मुली तर ना ओळख, ना काम, ना निवारा, अशा रस्त्यावर येत.

तिथे एक बाई उभी राहिली. तिचे नाव कॅरोलिन चिझम. नवरा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत कॅप्टन. मद्रासेत असताना बाईंनी शिपायांच्या मुलींसाठी शाळा काढलेली. १८३८ साली हे कुटुंब सिडनीला आले; १८४० मध्ये नवरा नोकरीवर परतला, बाई मुलांसह मागे राहिल्या. गव्हर्नरच्या मागे लागून १८४१ साली त्यांनी एका जुन्या सरकारी बराकीत जागा मिळवली. पहिल्या रात्री तिथे उंदरांचा सुळसुळाट! बाई पळाल्या नाहीत. काही रात्री त्यांनी उंदरांना पाव खाऊ घातला आणि मग त्याच पावात सोमल घातला. बराक मोकळी झाली, मुलींना छप्पर मिळाले.

पुढे बाई स्वतः घोड्यावर बसून मुलींचे तांडे दूरच्या शेतवाड्यांवर नेत आणि कामाला लावीत. तोंडी बोलीवर त्यांचा विश्वास नसे. पगार आणि अटी लिहून कराराच्या तीन प्रती करायच्या : एक मालकाला, एक मुलीला, एक दप्तरी. सहा वर्षांत सुमारे अकरा हजार माणसांची त्यांनी सोय लावली. १९६७ साली ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचे चित्र आले, ते उगीच नव्हे.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे येतो. आपली मंडळी झोपलेली नव्हती. त्याच काळात, १८३४ पासून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. भाडे त्यांचेही दुसऱ्यानेच भरले होते आणि कागद त्यांच्याही हाती होता. पण हा करार मजुराला राखणारा नव्हता, बांधणारा होता. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. काम सोडणे हा तर गुन्हाच. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मराठीत गिरमिट म्हणजे लाकूड पोखरणारे हत्यार. भाषेचे योगायोग कधीकधी फार शहाणे असतात. आणि ऑस्ट्रेलियाचे दार? ते १९०१ च्या कायद्याने आपल्यासारख्यांना बंद झाले, ते धोरण पुरते मोडीत निघायला १९७३ साल उजाडले. दहा पौंडांचे ते तिकीट आपल्यासाठी नव्हतेच.

हे ऐकून आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "म्हणजे पोराचे भाडे आपणच भरतोय, ते एका परीने बरेच की!"

मी म्हटले, "भाड्याचे सोडा, आप्पा. त्याला उतरून घ्यायला विमानतळावर कुणी येणार आहे का, ते आधी विचारा."

आप्पा उठले ते तडक फोन करायला गेले.