जुन्या गाडीचा उत्पादन खर्च



बैठक संपली की निम्मे लोक घरी जातात आणि उरलेले बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांभोवती जमतात. कोणी टायरला लाथ मारून बघतो, कोणी बॉनेट उघडायला लावतो. मग प्रश्न येतो : "साहेब, अमुक गाडी दोन लाखांत मिळते म्हणतात. घेऊ का?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा आला की एकदाच लिहून टाकावे असे ठरवले. आम्ही शिकलो शेती, मोटारीचे शास्त्र आम्हाला येत नाही. पण हा प्रश्न मोटारीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. हिशेब तर आपण सगळे मिळूनच शिकलो.

कोरडवाहू शेतकऱ्याने मोटार घ्यावी का, असे विचारणारे शहरात पुष्कळ आहेत. त्यांना सांगायचे ते एवढेच. आमच्या एका कार्यकर्त्याची सून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिची पाळी संध्याकाळी आठला सुटते आणि गावाकडची शेवटची एसटी सातला जाते. कापसाचे पीक लागोपाठ दोनदा बुडाले तेव्हा त्या घराची चूल तिच्या पगारावर पेटली. त्या घरात मोटार ही हौस नाही, नांगराइतकेच ते कामाचे अवजार आहे. कोणाचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, कोणाच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जिल्ह्याला न्यावे लागते. गरज खरी आहे. म्हणूनच फसगत झाली तर ती घर बुडवणारी होते.

पहिले आमचेच उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्यांत फिरण्यासाठी आम्ही एक जुनी डिझेल जीप घेतली. लहान गाडीपेक्षा पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली आणि सभेच्या ठिकाणी उतरताना बरी दिसायची. तिने अकराच्या वर ॲव्हरेज कधी दिले नाही. आर.सी. बुकावर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता, तो उतरवायला आम्ही दीड वर्ष खेटे घातले. शेवटी ती भंगारात गेली. दोष विकणाऱ्याचा थोडा, आमचा जास्त. सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेऊ नका असे गावोगाव सांगणारे आम्ही, गाडीचा सातबारा न बघता पैसे मोजून आलो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण तेव्हा आम्हाला नीट कळली.

आता हिशेब मांडू. त्या नर्सबाईंचेच उदाहरण घ्या. जाऊन-येऊन ९० किलोमीटर, वर्षात २८० दिवस, म्हणजे सुमारे २५,००० किलोमीटर. पेट्रोल हिशेबापुरते १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा भाव घालून हेच गणित पुन्हा करा.

अकराचे ॲव्हरेज देणारी जुनी जीप : किलोमीटरला ८ रुपये ३६ पैसे, वर्षाला डिझेलच २,०९,००० रुपयांचे.

अठराचे ॲव्हरेज देणारी लहान पेट्रोल गाडी : किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे, वर्षाला १,४६,००० रुपये.

फरक ६३,००० रुपयांचा. जीप घेताना वाचवलेले पन्नास हजार दहा महिन्यांच्या आत डिझेलच्या धुरात गेले आणि त्यानंतर दरवर्षी ६३,००० जातच राहिले. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्या भावाने हे आठ क्विंटलांहून जास्त कापसाचे पैसे झाले. तेही हमीभाव पदरात पडला तर. आपल्या हलक्या जमिनीत आठ क्विंटल कापूस निघायला किती एकर लागतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणजे तेवढ्या एकरांची निंदण, फवारणी आणि वेचणी आपण वर्षभर फक्त चुकीच्या गाडीसाठी करायची!

"डिझेल गाडीच परवडते" हे वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे. एके काळी ते खरे होते, कारण सरकार डिझेलचा भाव पेट्रोलपेक्षा फार खाली धरून ठेवत होते. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणातून मोकळे झाले आणि ती दरी बरीच बुजली. आजही वीसचे ॲव्हरेज देणारी लहान डिझेल गाडी वरच्या हिशेबात वर्षाला १,१५,००० रुपयांत चालते, पेट्रोलपेक्षा ३१,००० कमी. पण तिचे इंजेक्टर, टर्बो किंवा पंप एकदा बिघडला की वर्षाची बचत एका बिलात जाऊ शकते. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर चालणार असेल आणि गाडीची सर्व्हिस वेळच्या वेळी झाल्याची वही मिळत असेल, तरच डिझेलकडे वळा.

सीएनजी सगळ्यांत स्वस्त पडतो. किलोला ९० रुपये आणि पंचवीसचे ॲव्हरेज धरले तर किलोमीटरला ३ रुपये ६० पैसे. पण पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, हे आधी बघा. गॅससाठी वीस किलोमीटर वाकडी वाट करून रांगेत तासभर उभे राहायचे असेल तर ती मजुरीही खर्चात धरा. शेतीत घरच्या माणसांची मजुरी धरायची नाही, ही चूक आपण पिढ्यान् पिढ्या केली. गाडीत तरी करू नये. शिवाय सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. तिचे प्रमाणपत्र मागा. कंपनीने बसवलेली टाकी घ्या, गल्लीत बसवलेली आणि आर.सी.वर न चढलेली टाकी घेऊ नका.

कंपनीच्या कागदावरचा ॲव्हरेजचा आकडा हिशेबात घेऊ नका. तो चाचणीच्या जागी, गाडी रोलरवर ठेवून, ठरावीक वेगाने काढलेला असतो. तिथे गतिरोधक नसतात, बैलगाडी आडवी येत नाही. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगक्षेत्रावरचे उत्पादन आणि आपल्या शिवारातले उत्पादन यांत जो फरक असतो, तोच इथे असतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. त्यापायी जुन्या, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिला होता. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्या आणि विकणारा अठरा सांगत असेल तर सतरा धरा.

खरे ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा, शंभर किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. जितके लिटर बसले त्याने शंभराला भागा. पाच-सहाशे रुपयांचे पेट्रोल तुमच्या खिशातून जाईल. दोन-अडीच लाखांच्या सौद्यात तेवढे जाऊ द्या. विकणारा एवढी चक्कर मारू देत नसेल तर तो सौदा तिथेच सोडा.

बैलबाजारात आपण काय करतो? रुमालाखाली बोटे धरण्याआधी बैलाचे तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, जमले तर जू ठेवून बघतो. दलालाने लावलेल्या गेरूला आणि शिंगांच्या रंगाला भुलत नाही. गाडीलाही तोच नियम. गाडी थंड असताना सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी लपवले आहे असे समजा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस असेल तर ऑईलमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी. मीटर मागे फिरवता येते, पण झिजलेला क्लचचा पेडल आणि गुळगुळीत स्टिअरिंग खोटे बोलत नाहीत. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. आणि मिस्त्री आपला न्या. त्याला त्याची दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्याचा मिस्त्री फुकट मिळतो, तोच सगळ्यांत महाग पडतो.

कागदांचे तीन मुद्दे पाठ करा. एक, आर.सी.वर बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दोन, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की काम संपले असे नाही. गाडी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज तीस दिवसांत आर.टी.ओ.कडे गेला पाहिजे आणि विमाही चौदा दिवसांत नावावर करायला टाकला पाहिजे. विकणाऱ्या भावांनो, हे तुमच्याही भल्याचे आहे. गाडी तुमच्या नावावर राहिली आणि पुढच्याने माणूस उडवला, तर नोटीस तुमच्या दारात येते. तीन, गाडीचे वय. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, त्याची मोटारीची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, वर पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, त्याचे उत्तर इथे आहे. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एन.ओ.सी. आणि इथला कर, दोन्ही किमतीत मिळवूनच भाव करा.

आमचे काही सहकारी म्हणतात, "लहान गाडी आपल्या रस्त्यावर टिकत नाही." काही गावांपुरते ते खरे आहे. रोज नाला ओलांडायचा असेल तर उंच गाडीला पर्याय नाही. रोज सहा जण एकत्र जात असतील तर जीपचे इंधन माणशी किलोमीटरला १ रुपया ३९ पैसे पडते, आणि चौघांच्या पेट्रोल गाडीत १ रुपया ४६ पैसे. तेव्हा जीप घ्या. पण खाजगी पासिंगच्या गाडीत भाडे घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. आणि वर्षातून दहा दिवस चिखल होतो म्हणून बाकीचे दिवस जीप पोसायची, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. ते दहा दिवस गाडी डांबरी रस्त्यावरच्या ओळखीच्या घरी ठेवावी.

शेवटचा प्रश्न, गाडी मुळात घ्यावीच का? विमा, सर्व्हिस, टायर आणि दरवर्षी उतरणारी किंमत मिळून वर्षाला पन्नास हजार धरा. २५,००० किलोमीटर चाललात तर हा बोजा किलोमीटरला दोन रुपये पडतो. ५,००० च चाललात तर दहा रुपये. लग्नाकार्यांपुरती आणि महिन्याच्या बैठकीपुरती गाडी लागत असेल तर ती घेऊ नका. एसटीने या. २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धे आहे. अडीनडीला भाड्याची गाडी करा, तीही स्वस्त पडेल. पीककर्जाच्या पैशातून तर गाडी मुळीच घेऊ नका. ते पैसे बियाण्याचे आणि खताचे आहेत.

त्या नर्सबाईंच्या घरी आम्ही हाच हिशेब कागदावर मांडला. सासरे जीपच्या बाजूने होते, सून लहान गाडीच्या. आकडे बघून सासरे बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कापसाचा खर्च काढायला तुम्ही शिकवलं, तेव्हा हेही शिकवायचं होतं." त्यांचे बरोबर आहे. तेवढे राहून गेले होते.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीसाठी एक काम. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एका कागदावर गाडीचे नाव, साल, टाकी भरून काढलेले खरे ॲव्हरेज आणि वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च लिहून आणावा. आपल्या तालुक्यातल्या प्रामाणिक मिस्त्रीचे नावही लिहावे. सगळे कागद एकत्र करून एक वही करू आणि बैठकीच्या टेबलावर ठेवू. जो गाडी घ्यायला निघेल त्याने आधी ती वही बघावी. लाज वाटून आकडा वाढवू नका. अकरा असेल तर अकराच लिहा. आमच्या जीपचा आकडा आम्ही पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.