दुधाला माप, मग पेंडीला का नाही?



कवठे महांकाळसारख्या कोरडवाहू मुलखात पीक बुडाले की दुधावरच घर चालते. त्या दुधात अफलाटॉक्सिन एम१ किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने या मर्यादेबाहेर गेले. हे विष गाईच्या पोटी जन्मत नाही. सरकी पेंड, शेंगपेंड, मका यांवरच्या बुरशीचे बी१ विष गाईने खाल्ले की दुधात एम१ होऊन उतरते. सरकी आमची, पेंड कारखान्याची, आणि दूध परत आले की नुकसान पुन्हा आमचेच!

यावर उपाय म्हणून खाद्यात मिसळायची जिवाणूंची भुकटी पुढे केली जाते. विज्ञानाला आमचा विरोध नाही. पण युरोपने २०१३ साली असा एक जिवाणू मंजूर केला तो डुकरांसाठी, ट्रायकोथेसीन गटाच्या विषांवर. गाईच्या अफलाटॉक्सिनशी त्याचा संबंध नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. ज्या विषावर आणि ज्या जनावरावर चाचणी झाली, तेवढ्यापुरताच परवाना द्या, आणि तो पुड्यावर छापा. भुकटीच्या आडून बुरसटलेली पेंड खपवू देऊ नका. पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी१ साठी किलोमागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ती प्रत्येक पोत्याला लावा.

आमचे दूध तपासता, तशी त्यांची पेंडही तपासा!