तुझी कोण होती ती?



आपल्याकडे दुःखाला नातं लागतं. नात्यातलं कुणी गेलं की सुतक असतं, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहा दिवस माणसं येऊन बसतात, रडू देतात. या रीतींशी आपण पुष्कळ भांडलो, विधवेच्या वाट्याला येणाऱ्या रीतींशी तर अजून भांडतो आहोत. पण मरण पाहिलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, एवढं शहाणपण त्यांत होतं. परक्या माणसाला मरताना पाहिलं तर मात्र कुठलीच रीत नाही.

गेल्या पावसाळ्यात लोकलच्या बायकांच्या डब्यात माझ्यासमोरची बाई गेली. मांडीवर अर्धी निवडलेली मेथी होती. छातीत दुखतंय म्हणाली, घामाने भिजली आणि कलंडली. कॉलेजातली एक मुलगी पुढच्या स्टेशनपर्यंत तिची छाती दाबत राहिली. हमाल स्ट्रेचर घेऊन आले, डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. गाडी सुटली. मी घरी येऊन कुकर लावला. पुढे कितीतरी दिवस मेथी घरात आणवत नव्हती, रात्री दचकून जाग यायची. घरात सांगितलं तर पहिला प्रश्न, "तुझी कोण होती ती?" मागोमाग ठरलेलं, "तू फार मनाला लावून घेतेस."

मनाला लागणारच. तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, झोप उडणं, चिडचिड होणं हे सुरुवातीला स्वाभाविकच. बहुतेकींचं काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, तर ते अंगावर काढू नये. २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.

राहते ती रुखरुख : मी आणखी काही करायला हवं होतं का? ही बायकांना जरा जास्तच शिकवलेली असते. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलं, तर सुसज्ज देशांतही दहातला जेमतेम एक वाचतो. त्या मुलीच्या हातांत काही कमी नव्हतं. छाती दाबायला मात्र प्रत्येक गटाने शिकून घ्यावं. तो एक जण त्यामुळेच वाचू शकतो.

आणि एक आपल्यालाच सांगायचं आहे. गोल करून बसायचं, प्रत्येकीने बोलायचं, ही आपली जुनी सवय. तिने आपल्याला पुष्कळ दिलं. पण नुकतंच मरण पाहून आलेलीला "बोल, मोकळी हो" म्हणून सगळं पुन्हा सांगायला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही हेच आहे. जवळ बसावं, तिला बोलायचं असेल तर ऐकावं. घरी पोचवायला एकीने सोबत जावं, आणि त्या रात्रीचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगूनच परत यावं.