खापर एकट्या विमा कंपनीवर का?



अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीच्या रखडपट्टीवरचं पत्र (गेला अंक) वाचलं. संताप रास्त, पण रोख चुकला. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, अहवाल १५ दिवसांत यायचा. पुढचा खोळंबा बहुतेकदा सुट्या भागांचा असतो, आणि 'पार्ट अजून आला नाही' म्हणणारं वर्कशॉप या नियमाच्या कक्षेतच नाही. तेव्हा गाडी वर्कशॉपमध्ये सोडतानाच परत मिळण्याची तारीख लेखी घ्यावी, ती उलटली तर ग्राहक आयोग आहे. दरम्यानचं रिक्षाभाडं मूळ पॉलिसीत मिळत नाही. पत्रलेखकांनी ते मिळेल असं गृहीत धरलंय, पण त्यासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. विमा कंपनीच टाळत असेल, तर लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांनी विमा लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क.

– एक वाचक, पुणे