अहवालातील एक ओळ

बोटांचे सांधे दुखू लागले की हल्ली अनेक घरांत डॉक्टरांच्या आधी प्रयोगशाळा गाठली जाते. तपासण्यांच्या यादीत ‘आरए फॅक्टर’ बहुधा असतोच. त्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घर चिंतेत पडते आणि ‘निगेटिव्ह’ दिसले की दुखण्याकडे दुर्लक्ष होते. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, आणि दुसरा अधिक नुकसानकारक आहे.

आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा उतारवयात होणाऱ्या गुडघ्यांच्या झिजेहून निराळा विकार आहे. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. रोगजंतूंविरुद्ध तयार व्हावयाची प्रतिपिंडे येथे स्वकीय प्रथिनांविरुद्ध तयार होतात. अशा रुग्णांचा रक्तरस विशिष्ट प्रक्रिया केलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो, हे नॉर्वेचे एरिक वालर यांनी १९४० मध्ये नोंदवले. १९४८ मध्ये अमेरिकेत हॅरी रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनाही तेच आढळले. ‘आरए फॅक्टर’ तो हाच. ‘अँटी-सीसीपी’ ही त्यामानाने नवी तपासणी असून ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील संशोधनातून पुढे आली.

आता थोडा हिशेब मांडू. समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या व असलेल्या अशा सरसकट १००० प्रौढांची आरए फॅक्टर तपासणी केली आणि त्यांत आमवाताचे रुग्ण १० आहेत. ही तपासणी सुमारे ७० टक्के रुग्णांना ओळखते. म्हणजे ७ जण सापडतील. परंतु निरोगी माणसांतही साधारण ५ टक्क्यांच्या रक्तात हा घटक आढळतो आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० जण त्यामुळे पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ५७ पॉझिटिव्ह, त्यांत खरे रुग्ण ७! हिपॅटायटिस ‘सी’सारख्या दीर्घकालीन संसर्गातही हा घटक वाढू शकतो. अँटी-सीसीपीमध्ये अशी दिशाभूल बरीच कमी होते. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्ण तिच्याही नजरेतून सुटतात.

म्हणून तज्ज्ञ या तपासणीला किती महत्त्व देतात, ते पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये १० गुणांची एक पद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी असली, तरी निदानातही तिचा आधार घेतात. निदान एका सांध्याला खरी सूज असावी आणि तिला दुसरे सबळ कारण नसावे, ही पूर्वअट. मग सांध्यांची संख्या व आकार यांना जास्तीत जास्त ५ गुण, प्रतिपिंडांना ३, ईएसआर किंवा सीआरपी वाढल्यास १ आणि त्रास सहा आठवडे टिकल्यास १. एकूण ६ गुण झाले, तर आमवात मानावा.

या कोष्टकात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. प्रतिपिंडे कितीही वाढलेली असोत, केवळ त्यांच्या बळावर ३ च्या पुढे जाता येत नाही. उलट, दोन्ही अहवाल निगेटिव्ह असूनही इतर लक्षणांवर ७ गुण होऊ शकतात. बँकेत एकाच कागदावर कर्ज मंजूर होत नाही आणि एकाच कागदाच्या अभावी प्रामाणिक अर्जदाराला परतही पाठवीत नाहीत. येथेही तोच विवेक आहे.

हा विवेक महत्त्वाचा, कारण येथे वेळ मोलाची आहे. सांध्यांची हानी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झिजलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर व देखरेखीखाली सुरू झाली, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. निगेटिव्ह अहवालावर विसंबून वेदनाशामक गोळ्यांवर वर्ष काढणे म्हणूनच महागात पडते.

तेव्हा हाताच्या बोटांना वा मनगटांना सूज असेल, सकाळी मूठ वळायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत असेल आणि हे काही आठवडे चालले असेल, तर अहवाल काहीही म्हणो, संधिवाततज्ज्ञांना भेटावे. घरातील गृहिणी हे दुखणे कामाच्या रगाड्यात अंगावर काढतात. त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन-तीन पट अधिक आढळतो. आणि सूज, ताठरता काहीच नसताना केवळ पॉझिटिव्ह शब्द आला असेल, तर तो कागद जपून ठेवावा, डॉक्टरांना एकदा दाखवावा. स्वतःला रोगी मात्र समजू नये.