गॉसफर्डचे प्रगतिपुस्तक

एखाद्या सामन्याचे वर्णन वाचण्यापेक्षा क्लबचा वर्षावर्षांचा तक्ता वाचण्यात मला जास्त गोडी वाटते. वर्णनात लिहिणाऱ्याची आवडनिवड डोकावते. तक्त्याला तोंडदेखलेपणा माहीत नसतो. मोसम, सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण आणि शेवटच्या रकान्यात क्रमांक. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखाच तो. फक्त खाली पालकांची सही लागत नाही.

अशा तक्त्यांत सध्या माझा सर्वांत लाडका आहे तो ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्स या फुटबॉल क्लबचा. २०१४-१५ पासून पुढच्या दहा मोसमांच्या शेवटच्या रकान्यावरून नुसते बोट फिरवा : आठवा, शेवटचा, आठवा, शेवटचा, शेवटचा, शेवटचा, तिसरा, पाचवा, दुसरा, पहिला. कोणीतरी मुद्दाम रचल्यासारखी ही उतरंड आणि चढण आहे. नशीब फिरले, असे म्हणून मोकळे होता येते; पण मला तसे वाटत नाही. या क्लबला ज्या सवयीने खाली नेले, त्याच सवयीने वर आणले.

आधी गाव. सिडनीच्या उत्तरेला, रेल्वेने साधारण दीड तासावर गॉसफर्ड आहे. खाडीकाठचे, निवृत्तांचे आणि रोज सिडनीला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांचे. मैदान खाडीला लागूनच आहे. तीन बाजूंना प्रेक्षक आणि चौथ्या, पाण्याकडच्या बाजूला ताडामाडांची रांग. वीस हजारांचे हे स्टेडियम फुटबॉलसाठी बांधलेले नव्हते. नॉर्थ सिडनीचा एक जुना रग्बी लीग क्लब इथे बस्तान हलवणार होता. तो बेत विस्कटला, विलीनीकरणातून निघालेला दुसरा संघही टिकला नाही, आणि नवेकोरे मैदान भाडेकरूच्या शोधात पडून राहिले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ए-लीग ही नवी राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली तेव्हा सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ अशा महानगरांच्या पंगतीत गॉसफर्डला पान मिळाले, त्यात या रिकाम्या मैदानाचा वाटा मोठा होता.

तक्ता वाचायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिथे मानाच्या दोन ट्रॉफी असतात. साखळीत अव्वल आला तो ‘प्रीमियर’. मग वरच्या संघांची बाद फेरी होते आणि तिचा अंतिम सामना जिंकणारा ‘चॅम्पियन’. आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) शील्ड आणि कप वेगळे असायचे, तसेच. तळाला राहणाऱ्याला काहीच मिळत नाही, फक्त ‘लाकडी चमचा’ मिळाल्याची चेष्टा वाट्याला येते.

पहिल्याच मोसमात मरिनर्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि मार्च २००६ मध्ये सिडनी एफसीकडून १-० हरले. २००७-०८ च्या ओळीत क्रमांक पहिला आहे. शेजारच्या न्यूकॅसल जेट्सचेही गुण तेवढेच होते. गोलफरकाने मरिनर्स वर. अंतिम सामनाही याच दोघांत झाला आणि त्याच्या यजमानपदाचा हक्क मरिनर्सने मैदानावर कमावला होता. सामना मात्र सिडनीच्या मोठ्या स्टेडियममध्ये नेला गेला. पुन्हा ०-१. शेवटच्या क्षणी न्यूकॅसलच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला, पंचांनी पेनल्टी दिली नाही, आणि बरोबरीच्या आशेने पुढे धावून आलेला मरिनर्सचा तरुण गोलरक्षक डॅनी व्हुकोविच याने रागाच्या भरात पंचांच्या हातावर फटका मारला. लाल कार्ड, दीर्घ बंदी, आणि त्यापायी बीजिंग ऑलिंपिकही हुकले. तक्त्यात यातले एक अक्षर नाही. हे नाव मात्र लक्षात ठेवा.

२०१०-११ च्या ओळीत ‘दुसरा’ आणि ‘उपविजेता’ एवढेच दोन शब्द आहेत. ब्रिस्बेनमध्ये पन्नास हजार प्रेक्षकांपुढे मरिनर्स जादा वेळेत २-० ने पुढे होते. तीन मिनिटे उरली असताना ब्रिस्बेनने एक गोल केला आणि १२० व्या मिनिटाला कॉर्नरवरून एरिक पार्टालूने डोक्याने दुसरा. मग पेनल्टी शूटआउट, आणि मरिनर्सचा पराभव. (पार्टालू पुढे बेंगळुरू एफसीकडे आला, आयएसएल पाहणाऱ्यांना त्याचे हेडर ओळखीचे असतील.) तीन अंतिम सामने, तीन पराभव. २०११-१२ मध्ये साखळीत पुन्हा अव्वल, पुन्हा कप नाही. चॅम्पियन होण्यासाठी एप्रिल २०१३ उजाडावे लागले. वेस्टर्न सिडनी वाँडरर्सना २-० हरवताना एक गोल डच बचावपटू पॅट्रिक झ्वान्सवाइकचा होता, दुसरा त्या मोसमात १७ गोल करणाऱ्या डॅनियल मॅकब्रीनचा.

इथून घसरण सुरू होते. प्रशिक्षक ग्रॅहम अर्नल्ड यांनी घडवलेला तो संघ वर्षभरात उधळला गेला. टॉम रोगिच आधीच सेल्टिकला गेला होता, गोलरक्षक मॅट रायन बेल्जियमला, ट्रेंट सेन्सबरी हॉलंडला गेला आणि २०१३ च्या नोव्हेंबरात खुद्द अर्नल्ड जपानला. लीगमध्ये पगारावर कमाल मर्यादा असते, त्यामुळे श्रीमंत क्लबला वाटेल तेवढी उधळपट्टी करता येत नाही, हे खरे. पण मरिनर्सच्या तिजोरीत मुळातच पैसा कमी. तिकिटे घेणार ती गॉसफर्ड आणि आजूबाजूच्या गावांची माणसे. मोठा प्रायोजक कशाला येईल? पोरे घडवायची, दोन-तीन मोसम खेळवायची आणि परदेशी विकायची, हाच धंदा. २०१५ चा आशिया कप ऑस्ट्रेलियाने जिंकला तेव्हा कर्णधार माइल येडिनॅक, गोलरक्षक रायन आणि बचावफळीतला सेन्सबरी हे तिघेही मरिनर्सचे जुने खेळाडू होते. देशाच्या संघाचा कणा या एका खाडीकाठच्या मैदानावर तयार झाला होता, आणि त्याच वेळी क्लब स्वतः तळाकडे निघाला होता.

कारण विकणे सोपे असते. विकल्यावर पुढची फळी तयार असणे अवघड. २०१५-१६ ची ओळ वाचवत नाही. २७ सामने, ३ विजय, ४ बरोबरी, २० पराभव. ३३ गोल केले, ७० खाल्ले. लिव्हरपूलचा एके काळचा युरोप विजेता लुईस गार्सिया उतरत्या वयात त्या मोसमात आला, त्यानेही काही बदलले नाही. २०१८ मध्ये तर साक्षात उसेन बोल्ट चाचणीसाठी आला. सराव सामन्यात दोन गोल केले, जगभर बातम्या झाल्या, करार काही झाला नाही आणि तो निघून गेला. त्या मोसमात मार्चमध्ये वेलिंग्टन फिनिक्सने मरिनर्सवर ८ गोल चढवले आणि प्रशिक्षकांना घरी पाठवण्यात आले. क्लब त्याही वर्षी शेवटचा आणि पुढच्या वर्षीही. पाच मोसमांत चार लाकडी चमचे! बोल्टचा प्रयोग मला तेव्हाही केविलवाणा वाटला होता आणि आजही वाटतो. संघ दुबळा असला की गर्दी जमवायला पाहुणा बोलवायचा हा मोह आपल्याकडच्या लीगनाही चांगला ठाऊक आहे.

इंग्लंडमध्ये असा क्लब एव्हाना दोन-तीन पायऱ्या खाली गडगडला असता. ए-लीगमधून कोणी खाली जात नाही. या बंद दरवाजाला मी कायम नावे ठेवत आलो आहे. तळाच्या संघाला भीतीच नसेल तर खेळ कसा सुधारणार? तत्त्व म्हणून आजही तेच म्हणेन. पण मरिनर्सच्या बाबतीत त्या दरवाजाने वेळ दिला, हे नाकारता येत नाही. अॅलन स्टायचिच यांनी २०२०-२१ मध्ये त्याच तुटपुंज्या पैशांत संघ तिसरा आणला. त्यांच्यानंतर निक माँटगोमेरी आले. हे २०१३ च्या विजेत्या संघात मधल्या फळीत खेळलेले. क्लबची युवा शाखा त्यांना आतून माहीत होती. दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातली अलू आणि गरांग कुओल ही भावंडे याच शाखेतून वर आली. गरांगला इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडने उचलले. २०२२ च्या विश्वचषकाला तो, आक्रमक जेसन कमिंग्ज आणि डॅनी व्हुकोविच असे मरिनर्सचे तिघे गेले. होय, तोच व्हुकोविच. सिडनी, मेलबर्न, युरोप असे फिरून तो परत आला होता आणि आता कर्णधार होता.

३ जून २०२३ रोजी मरिनर्सने अंतिम सामन्यात मेलबर्न सिटीला ६-१ असे धुतले. सिटीमागे मँचेस्टर सिटीवाल्यांचा पैसा आहे, हे सांगायला हवे. कमिंग्जचे तीन गोल. लगेच बाजार भरला : प्रशिक्षक माँटगोमेरी स्कॉटलंडला, सॅम्युएल सिल्व्हेरा इंग्लंडला आणि कमिंग्ज थेट कोलकात्याला, मोहन बागानकडे. जुनी गोष्ट पुन्हा घडणार असे सगळ्यांना वाटले. नवे प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांनी लीगमधले पहिले चार सामने गमावले तेव्हा तर खात्रीच पटली.

या वेळी मात्र पुढची फळी तयार होती, आणि इथे आपला देश या तक्त्यात शिरतो. एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत कमिंग्जच्या मोहन बागानला कोलकात्यात ५-२ हरवून गटात पहिला आला तो ओडिशा एफसी. त्यांचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, गोव्याला आणि मग मुंबईला शिकवून गेलेले. त्यांच्याकडे रॉय कृष्णा होता, बोल्टच्या मोसमात वेलिंग्टनकडून खेळताना ए-लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा. त्याच स्पर्धेत मार्च २०२४ मध्ये हा संघ गॉसफर्डला गेला आणि ४-० हरला. भुवनेश्वरचा परतीचा सामना गोलशून्य सुटला. आपल्याकडचा चांगला संघ आणि त्यांच्याकडच्या गरीब क्लबचा संघ यांच्यात किती अंतर आहे, ते गॉसफर्डच्या त्या संध्याकाळी दिसले. याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही.

मे २०२४ च्या एका महिन्यात तीन ट्रॉफी आल्या. आधी साखळीतले अव्वल स्थान. मग मस्कतमध्ये लेबनॉनच्या अल अहदविरुद्ध अलू कुओलचा एकमेव गोल आणि एएफसी कप. शेवटी २५ मे रोजी अंतिम सामना, आणि तोही प्रथमच खुद्द गॉसफर्डला. मेलबर्न व्हिक्टरी १-० ने पुढे, नव्वद मिनिटे संपलेली. भरपाईच्या वेळेत रायन एडमंडसनने बरोबरी केली आणि जादा वेळेत मरिनर्स ३-१ जिंकले. २०११ ची उधारी अशी वसूल झाली. व्हुकोविच तीन ट्रॉफींसह निवृत्त झाला.

पुढच्या मोसमाची ओळही सांगायला हवी. पुन्हा खेळाडू गेले, आणि २०२४-२५ मध्ये मरिनर्स बाद फेरीतही पोहोचले नाहीत. मला त्याचे दुःख नाही. या क्लबचा शेवटचा रकाना असाच वरखाली होत राहणार; पोरे घडवून विकणाऱ्याला दरवर्षी पहिला नंबर परवडत नाही. ओळींचा सिलसिला चालू आहे, हे महत्त्वाचे. एके काळी बालेवाडीत खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीचा तक्ता काढून बघा. चौथ्या मोसमात उपांत्य फेरी, पाचव्या मोसमानंतर क्लबच बंद, जागा हैदराबादला. त्याआधी पुणे एफसी गेला, त्याच्याही आधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड. यातला एकही मैदानावरच्या कामगिरीमुळे गेला नाही.

तेव्हा सिडनीत मुलाकडे, लेकीकडे जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. मोसम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. ऑपेरा हाउस पाहून झाले की एक संध्याकाळ गॉसफर्डसाठी ठेवा. सेंट्रल स्टेशनवरून थेट गाडी मिळते, वाटेत हॉक्सबरी नदीचा सुंदर पूल लागतो आणि स्टेशनपासून मैदानापर्यंत चालत जाता येते. पिवळा शर्ट घालून जा.