पुरावा आणि पारितोषिक

जॉन क्लाउझर यांना २०२२ साली आलँ आस्पे आणि आंतोन त्सायलिंगर यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या मूळ प्रयोगाला पन्नास वर्षे होऊन गेली होती. एवढा विलंब का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

एकाच अणूतून निघालेले दोन प्रकाशकण दूर गेले तरी त्यांच्या मोजमापांत विलक्षण मेळ आढळतो, असे पुंजयामिकी सांगते. कणांचे गुण आधीच ठरलेले असले पाहिजेत, असा आइन्स्टाइन यांचा आग्रह होता. तसे असेल आणि एका कणावरील मोजमापाचा दुसऱ्यावर परिणाम होत नसेल, तर या मेळाला मर्यादा पडते, हे जॉन बेल यांनी १९६४ साली गणिताने दाखविले. म्हणजे वादाचा निकाल आता प्रयोगाने लावता येणार होता.

परंतु प्रस्थापितांच्या लेखी हा वाद केव्हाच संपला होता. या नादी लागून आयुष्याचे नुकसान करून घेऊ नये, असा उपदेश तरुण क्लाउझरना झाला. त्यांनी तो मानला नाही. बर्कली येथे स्टुअर्ट फ्रीडमन या विद्यार्थ्याच्या साथीने, जुनी सामग्री गोळा करून, त्यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणारे प्रकाशकण तपासले. १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बेल यांची मर्यादा ओलांडली गेली होती. वास्तविक पुंजयामिकी चुकीची ठरावी, अशीच क्लाउझर यांची अपेक्षा होती. तरीही जे दिसले तेच त्यांनी जगापुढे ठेवले. १९८२ साली आस्पे यांनी अधिक काटेकोर प्रयोगाने त्याला बळकटी दिली. क्लाउझर यांना मात्र विद्यापीठात प्राध्यापकाची कायम जागा कधीच मिळाली नाही.

याच क्लाउझर यांनी २०२३ साली हवामानाचे संकट अस्तित्वातच नाही, असे जाहीर केले. हवामानशास्त्र हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हे. आणि पृथ्वीच्या वाढत्या तापमानाचा पुरावा असंख्य स्वतंत्र मोजमापांतून उभा राहिला आहे. खनिज इंधनाच्या हितसंबंधीयांना मात्र आपल्या बाजूस नोबेलची मोहोर हवीच असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. थोरांचे मत हा पुरावा नव्हे, हे क्लाउझर यांनी १९७२ साली सिद्ध केले. आज स्वतः क्लाउझर थोर गणले जातात, म्हणून ती कसोटी त्यांच्यापुरती शिथिल होत नाही.